चष्मा आणि दुर्बीण यांमधील काही मिलिमीटर

सन १६०८ च्या ऑक्टोबर महिन्यात, नेदरलंड्समधील मिडलबर्ग गावी चष्मे करून उदरनिर्वाह चालविणाऱ्या हान्स लिपरहाय नावाच्या कारागिराचा एक अर्ज द हेग येथील प्रांतिक प्रतिनिधींच्या महासभेपुढे विचारासाठी आला. दूरच्या वस्तू जवळ आणून दाखविणारी एक नळी आपण सिद्ध केली आहे, तिच्या एकाधिकाराची सनद आपणांस मिळावी, असा त्या अर्जाचा मजकूर होता. महासभेने नळीची परीक्षा केली, ती पसंतही पडली; परंतु एक डोळा मिटून पाहण्याचा खटाटोप वाचावा म्हणून दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करून द्यावे, आणि त्यासाठी स्फटिकाची भिंगे वापरावीत, अशी फर्माईश तिने केली. लिपरहायने तशी यंत्रे करून दिली व त्यांचा भरघोस मोबदलाही त्याला मिळाला. सनद मात्र, ही युक्ती इतरांनाही अवगत आहे या सबबीवर, नाकारण्यात आली.

दोन डोळ्यांच्या दुर्बिणीचा इतिहास असा एका चष्मे करणाऱ्याच्या हातून सुरू झाला, आणि तरीही चष्मा लावणाऱ्या मनुष्याची गैरसोय ध्यानात घेऊन मुद्दाम त्याच्यासाठी घडविलेली दुर्बीण बाजारात येण्यास पुढे सुमारे साडेतीनशे वर्षे जावी लागली. जर्मनीतील झाइस कारखान्याने १९५८ साली ‘८×३० बी’ या नावाची जी दुर्बीण विक्रीस काढली, ती या बाबतीत प्रारंभीची व दिशादर्शक मानली जाते. त्यापूर्वी चष्मेवाल्याला दोनच मार्ग मोकळे होते : चष्मा काढून पाहणे, किंवा चष्म्यातून जेवढे दिसेल तेवढ्यावर समाधान मानणे. आज तिसरा मार्ग उपलब्ध आहे, तो उत्तम आहे, आणि त्यासाठी फार मोठी रक्कम मोजावी लागते असेही नाही. परंतु दुर्बिणीच्या अंगावर जे आकडे ठळकपणे छापलेले असतात, त्यांत या मार्गाचा पत्ता सापडत नाही. म्हणूनच चष्मेवाल्या ग्राहकाने दुर्बीण कशी पारखावी, याचा विचार थोडा सविस्तर करणे जरूर आहे.

दुर्बिणीवर ‘८×४२’ असा आकडा असला, तर त्यातील पहिला अंक वस्तू किती पट जवळ भासते ते सांगतो, आणि दुसरा अंक पुढच्या मोठ्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्या अंकाला पहिल्याने भागले की दुर्बिणीतून मागे बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर येतो. दुर्बीण हातभर अंतरावर धरून तिचे तोंड उजळ आकाशाकडे केले असता डोळ्याकडच्या प्रत्येक भिंगात जे तेजस्वी लहानसे वर्तुळ दिसते, ते हेच. या वर्तुळातील प्रकाश आपल्या बाहुलीत शिरला म्हणजे दृश्य दिसते. आणि हे वर्तुळ भिंगाच्या पृष्ठभागावर नसून भिंगामागे काही मिलिमीटरांवर, अधांतरी तयार होते, ही या साऱ्या विषयाची मूळ गोष्ट आहे. भिंगापासून त्या वर्तुळापर्यंतच्या अंतराला पक्षीनिरीक्षक मंडळी ‘आय रिलीफ’ म्हणतात. डोळ्याची बाहुली नेमकी त्या ठिकाणी असली तर दुर्बिणीचे संपूर्ण दृश्यक्षेत्र, काठापासून काठापर्यंत, एकाच वेळी दिसते. बाहुली त्याच्या मागे राहिली, तर खिडकीपासून मागे सरकत गेले असता बाहेरचे अंगण जसे आक्रसत जाते, तसे दृश्य कडेकडेने अंधुक होत होत लहान होते.

आता चष्म्याचा हिशेब मांडू. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारणतः १२ ते १४ मिलिमीटर पुढे बसते. काचेची स्वतःची जाडी एकदोन मिलिमीटर असते. आणि बाहुली ही बुबुळावरील पारदर्शक पडद्याच्या मागे सुमारे तीन मिलिमीटर असते. ही बेरीज सतराअठराच्या घरात जाते. म्हणजे ज्या दुर्बिणीचे आय रिलीफ दहाबारा मिलिमीटर आहे, तिचे प्रकाशवर्तुळ चष्मेवाल्याच्या बाहुलीपर्यंत पोहोचण्याऐवजी त्याच्या चष्म्याची काच आणि डोळा यांच्या मधेच घुटमळते. चष्मा न लावणारा मनुष्य डोळा पुढे नेऊन ती उणीव सहज भरून काढतो. चष्मेवाल्याला ती मुभा नाही, कारण काच मध्ये उभी आहे. पुष्कळ चष्मेधारी मंडळी दुर्बीण एकदोनदा डोळ्यांना लावून ‘आपल्याला काही हे जमत नाही’ असे म्हणत परत करतात, तेव्हा दोष त्यांच्या डोळ्यांत नसून बहुधा याच पाचसहा मिलिमीटरांत असतो.

ही उणीव इतकी वर्षे का राहिली, त्याचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. लिपरहाय आणि त्याच्या पाठोपाठ गॅलिलिओ यांच्या नळ्यांत डोळ्याकडचे भिंग अंतर्गोल होते. अशा नळीतून बाहेर पडणारे किरण मागे एकवटत नाहीत, पसरत जातात. त्यामुळे डोळा जितका भिंगाला चिकटेल तितके अधिक दिसावे, हा त्या रचनेचा स्वभावच ठरला, आणि नाट्यगृहांत वापरल्या जाणाऱ्या लहान दुर्बिणींत तो शेवटपर्यंत टिकला. केप्लरने १६११ साली दोन्ही भिंगे बहिर्गोल असलेल्या दुर्बिणीची उपपत्ती मांडली. तिच्यात किरण डोळ्याकडच्या भिंगामागे एकत्र येतात आणि वर सांगितलेले प्रकाशवर्तुळ निर्माण होते. मात्र दृश्य उलटे दिसते. ते सुलटे करणारी लोलकांची योजना इटालियन अभियंता इग्नात्सिओ पोरो याने १८५४ च्या सुमारास पेटंट करून घेतली. आणि तिचा निर्दोष काचेनिशी व्यावहारिक उपयोग करून येना येथील झाइस कारखान्याने, एर्न्स्ट आबे या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली, १८९४ पासून आधुनिक लोलकयुक्त दुर्बिणी विकण्यास प्रारंभ केला. या दुर्बिणींचे पुष्कळसे गिऱ्हाईक सैन्यातले आणि आरमारातले होते. त्यांना विस्तीर्ण दृश्यक्षेत्र आणि मजबुती हवी होती, चष्म्याची सोय ही मागणी कोणी आग्रहाने पुढे केली नाही.

शिवाय, विस्तीर्ण दृश्यक्षेत्र आणि लांब आय रिलीफ या दोन गोष्टी एकत्र साधणे खर्चाचे काम आहे. प्रकाशवर्तुळ भिंगापासून जितके दूर न्यावे, आणि दृश्याचा कोन जितका रुंद ठेवावा, तितके डोळ्याकडचे भिंग मोठे करावे लागते. दृश्याचा भासमान कोन साठ अंश धरला, तर दहा मिलिमीटर आय रिलीफसाठी सोळासतरा मिलिमीटर व्यासाचे भिंग पुरते. तेच अंतर अठरा मिलिमीटर करावयाचे झाल्यास भिंगाचा व्यास पंचवीसच्या पुढे जातो. भिंग मोठे म्हटले की वजन, काच, घासणावळ आणि किंमत ही सगळीच वाढतात. यातून ग्राहकाला एक सोपी खूणही मिळते : दुर्बीण उलटी करून डोळ्याकडची भिंगे पाहावीत. ती जर नखाएवढी चिमुकली असतील, तर पेटीवर काहीही लिहिलेले असो, चष्म्याची सोय तेथे फारशी असणार नाही.

उदाहरणादाखल एकाच कंपनीच्या दोन दुर्बिणी घेऊ. निकॉनच्या ॲक्युलॉन मालिकेतील ८×४२ आणि मोनार्क एम५ मालिकेतील ८×४२ या दोहोंच्या अंगावरचे आकडे तंतोतंत सारखे आहेत. परंतु पहिलीचे आय रिलीफ सुमारे १२ मिलिमीटर, तर दुसरीचे साडेएकोणीस. दृश्यक्षेत्राचा तपशील पाहिला तर चित्र उलटे दिसते : पहिलीचे क्षेत्र सुमारे ८ अंश, म्हणजे हजार मीटर अंतरावर १४० मीटर रुंदीचा पट्टा, दुसरीचे सुमारे ६.४ अंश, म्हणजे साधारण ११२ मीटर. चष्मा नसलेल्या मनुष्याने पहिली घेतली तर तिचे विशाल क्षेत्र त्याला पुरेपूर उपभोगता येईल, आणि पैसेही पुष्कळ वाचतील. चष्मेवाल्याची गोष्ट निराळी. समजा, चष्म्यामुळे त्या १४० मीटरांतला पाव हिस्सा दिसेनासा झाला. तर उरले १०५, म्हणजे कागदावर अरुंद असलेल्या दुसऱ्या दुर्बिणीपेक्षाही कमी. आणि रुंदीत पाव घट झाली की क्षेत्रफळ जवळजवळ निम्म्यावर येते. तेव्हा दृश्यक्षेत्राचा छापील आकडा हा चष्मेवाल्यासाठी केवळ एक आश्वासन आहे; ते पुरे होईल की नाही, हे आय रिलीफ ठरविते.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहितांचे थवे उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब येतात, आणि पाहणारा बहुधा नावेत बसलेला असतो. पक्षी पाण्यावरून एकाएकी उठतात. नाव डुलत असते. थवा क्षणात दुर्बिणीच्या वर्तुळातून निसटतो. अशा ठिकाणी दृश्य विस्तीर्ण असणे म्हणजे पक्षी सापडणे, आणि ते आक्रसलेले असणे म्हणजे निळ्या आकाशात नुसते भिरभिरत राहणे. चष्मेवाल्याची आणखी एक अडचण येथे प्रकट होते. इतर लोक दुर्बिणीची रबरी वाटी भुवईच्या हाडावर टेकवून तिला आधार देतात. चष्मेवाल्याची दुर्बीण काचेवर किंवा चौकटीवर टेकते, तो आधार डळमळीत असतो, आणि हाताचा कंप अधिक जाणवतो. हा कंप जितकी पट अधिक तितका अधिक वाढून दिसतो. सबब, चष्मेवाल्याने दहा किंवा बारा पटींच्या मोहात न पडता सात किंवा आठ पटींची दुर्बीण घ्यावी, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. दहा पटींच्या दुर्बिणीत पक्षी थोडा मोठा दिसतो खरा, पण आठ पटींच्या दुर्बिणीत तो स्थिर दिसतो, आणि त्याच्या पंखावरचा पट्टा ओळखू येण्यासाठी स्थिरता अधिक उपयोगी पडते.

प्रकाशवर्तुळाच्या व्यासाचेही येथे महत्त्व आहे. भर दिवसा आपली बाहुली दोनतीन मिलिमीटरांपर्यंत संकोचते. तेव्हा ८×४२ चे सव्वापाच मिलिमीटरांचे वर्तुळ गरजेपेक्षा मोठेच ठरते, आणि या जादा मोठेपणामुळे डोळा जागेवरून थोडा मागे किंवा बाजूला राहिला तरी दृश्य टिकते. उलट, खिशात मावणाऱ्या ८×२५ किंवा १०×२५ दुर्बिणींत हे वर्तुळ अडीचतीन मिलिमीटरांचे. तेथे डोळा तसूभर हलला की दृश्याची कड काळी पडते. प्रवासाच्या सोयीसाठी लहान दुर्बीण घेणाऱ्या चष्मेवाल्याने म्हणूनच तिचे आय रिलीफ दुप्पट काळजीने पाहावे. मध्यम मार्ग म्हणून ८×३२ ची दुर्बीण पुष्कळांना मानवते. आणि पट कमीजास्त करता येणाऱ्या ‘झूम’ दुर्बिणींच्या वाटेला जाऊच नये. त्यांची दृश्यक्षेत्रे मुळातच अरुंद असतात.

चष्मा काढूनच दुर्बिणीतून पाहिले तर नाही का चालणार, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर चष्म्याच्या नंबरावर अवलंबून आहे. ज्याला केवळ उणे किंवा केवळ अधिक नंबर आहे, त्याच्या डोळ्यातील दोष दुर्बिणीचे मधले चाक थोडे मागेपुढे फिरवून भरून काढता येतो. दुर्बीण स्वतःच त्याचा चष्मा होते. मात्र बहुतेक दुर्बिणींत अनंत अंतराच्या पलीकडे चाक फिरण्यास मर्यादित वाव ठेवलेला असतो, त्यामुळे मोठ्या उणे नंबराच्या मनुष्याला दूरची टेकडी चष्म्याविना स्पष्ट दिसेलच अशी शाश्वती नाही. दोन डोळ्यांच्या नंबरांत फरक असला, तर तो बहुधा उजव्या नळीवर असलेल्या लहान कड्याने जुळवून घ्यावा लागतो, आणि त्या कड्यालाही मर्यादा असते.

ज्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे ज्याच्या डोळ्याची वक्रता एका दिशेला अधिक व दुसऱ्या दिशेला कमी आहे, त्याचा दोष मात्र दुर्बिणीचे कोणतेही चाक दूर करू शकत नाही. चाकाने दोन्ही दिशांना सारखाच फरक पडतो. येथे तर दोन दिशांची मागणीच वेगळी आहे. सिलिंडर नंबर अल्प असेल तर भर उन्हात, बाहुली लहान असताना, त्याचा उपद्रव फारसा जाणवत नाही. पण संध्याकाळी बाहुली विस्फारली की पानाची कड दुहेरी दिसू लागते, आणि रात्री दुर्बिणीतून तारे पाहणाऱ्याला टिंबाऐवजी लहानशा रेघा दिसतात. असा नंबर असलेल्या मनुष्याने चष्मा काढू नये, हेच श्रेयस्कर.

यापलीकडे व्यवहाराचीही एक बाजू आहे. झाडावरचा पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरावा लागतो, मग त्यावरची नजर न हलविता दुर्बीण डोळ्यांसमोर आणावी लागते. चष्मा काढून पाहणाऱ्याला पक्षी हेरण्यासाठी चष्मा हवा, दुर्बिणीत पाहण्यासाठी तो नको, आणि वही लिहिताना पुन्हा हवा. या देवाणघेवाणीत पक्षी उडून जातो, चष्मा गवतात पडतो, आणि मनुष्य कंटाळतो. चाळिशीचा चष्मा वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. ज्यांना केवळ वाचनासाठी चष्मा लागतो, त्यांनी तो काढून पाहावे. दूरच्या दृष्टीसाठी त्यांना तो लागतच नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या डोळ्यांत दूरच्या नजरेसाठीचे भिंग बसविलेले आहे, त्यांनाही बहुधा हाच नियम लागू पडतो. दुहेरी किंवा चढत्या नंबराचा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी मान किंचित खाली झुकवून काचेच्या वरच्या भागातून, जेथे दूरचा नंबर असतो तेथून, पाहण्याची सवय करावी. 

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. तपशीलपत्रकात आय रिलीफ १४ मिलिमीटरांपेक्षा कमी असेल, तर चष्मेवाल्याने त्या दुर्बिणीचा विचार सोडावा. १५-१६ असेल तर लावून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. १७ ते २० असेल तर सामान्यतः निर्धास्त असावे. ‘सामान्यतः’ म्हणण्याचे कारण असे, की छापील अंतर भिंगाच्या पृष्ठभागापासून मोजलेले असते, आणि पुष्कळ दुर्बिणींत ते भिंग रबरी वाटीच्या कडेपासून दोनतीन मिलिमीटर आत बसविलेले असते. तेवढे अंतर चष्मेवाल्याच्या वाट्याला येत नाही. खरे उपयोगी अंतर स्वतः मोजण्याची युक्ती सोपी आहे. दुर्बिणीच्या वाट्या पूर्णपणे आत बसवाव्यात. तिचे तोंड उजळ आकाशाकडे करावे, सूर्याकडे मात्र चुकूनही नव्हे. आणि डोळ्याकडच्या भिंगामागे पातळ पांढरा कागद धरून तो हळूहळू मागे न्यावा. ज्या ठिकाणी कागदावरचे प्रकाशवर्तुळ सर्वांत लहान व रेखीव दिसते, तेथपर्यंतचे वाटीच्या कडेपासूनचे अंतर पट्टीने मोजावे. चष्मेवाल्याच्या हाती येणारे अंतर ते हेच. छापील आकड्यापेक्षा ते किती उणे भरते, हे पाहिले म्हणजे दोन दुर्बिणींतला खरा फरक कळतो.

वाट्यांचा उल्लेख आला, तेव्हा त्यांचा खुलासाही करून ठेवतो. डोळ्याकडच्या बाजूस असलेल्या या वाट्या फिरवून वर येणाऱ्या असतात, किंवा जुन्या पद्धतीच्या दुर्बिणींत दुमडता येणाऱ्या रबराच्या असतात. चष्मा नसलेल्याने त्या वर ठेवाव्यात, चष्मेवाल्याने पूर्ण खाली. हा साधा नियम माहीत नसल्यामुळे कित्येक चांगल्या दुर्बिणींवर चष्मेवाल्यांनी अन्याय केलेला असतो. क्वचित आय रिलीफ फार लांब असलेल्या दुर्बिणीत याच्या उलट घडते : वाटी खाली असता डोळा प्रकाशवर्तुळाच्याही पुढे जातो आणि दृश्यात काळ्या सावल्या हेलकावू लागतात, अशा वेळी वाटी एक टप्पा वर उचलावी. टप्प्याटप्प्याने थांबणारी वाटी ही म्हणूनच चष्मेवाल्यासाठी मोलाची सोय आहे. वाटीची कड मऊ रबराची आहे ना, तेही बोटाने चाचपून पाहावे; हल्लीच्या चष्म्यांच्या काचा प्लॅस्टिकच्या असतात, आणि कठीण कडेमध्ये अडकलेला वाळूचा एक कणही त्यांवर कायमचा ओरखडा उमटवितो.

दुकानात गेल्यावर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू नये. दारापर्यंत यावे आणि रस्त्यापलीकडची एखादी पाटी किंवा इमारत निवडावी. प्रथम चष्मा काढून, वाट्या वर करून, वर्तुळाच्या डाव्या व उजव्या काठांवर कोणत्या वस्तू येतात ते ध्यानात ठेवावे. दृश्य अस्पष्ट असले तरी तेवढे कळते. मग चष्मा लावून, वाट्या खाली करून, त्याच दोन वस्तू अजूनही वर्तुळात आहेत का ते पाहावे. दोन्ही असतील आणि वर्तुळाची काळी कड सर्व बाजूंनी स्वच्छ दिसत असेल, तर दुर्बीण या परीक्षेत उतरली. त्यानंतर दोन्ही नळ्यांमधले अंतर आपल्या डोळ्यांइतके करून दोन वर्तुळांचे एक वर्तुळ होते का ते पाहावे. मग उजवा डोळा झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी, आणि पुढे डावा झाकून उजव्या नळीवरच्या कड्याने उजव्या डोळ्यासाठी चित्र रेखीव करावे. चष्मा लावूनच पाहावयाचे असेल, तर ही जुळणीही चष्म्यासकटच करावी. शेवटी दुर्बीण पाचदहा मिनिटे हातात धरून तिचे वजन सोसते की नाही तेही अजमावावे. ८×४२ ची दुर्बीण सहाशे ते आठशे ग्रॅम भरते, आणि दिवसभर गळ्यात बाळगताना ते वजन मानेला जाणवते.

चष्म्याची निवडही थोडी साहाय्य करू शकते. ज्या चौकटीला नाकावरचे हलविता येणारे पॅड असतात, तिचे पॅड चष्म्याच्या दुकानदाराकडून किंचित रुंद करून घेतले तर काच डोळ्याच्या एकदोन मिलिमीटर जवळ येते. आणि या हिशेबात एक मिलिमीटरही क्षुल्लक नाही. फार फुगीर किंवा वळणदार काचांपेक्षा सपाट काचा दुर्बिणीला अधिक मानवतात. बाजूने येणारा प्रकाश चष्मा आणि भिंग यांमधल्या फटीतून शिरून दृश्य फिके करतो. त्यावर रुंद काठाची टोपी हा उत्तम उपाय आहे. कोकणातल्या दमट हवेत दोन्ही काचांवर वाफ धरते, तेव्हा दुर्बीण क्षणभर दूर करून वारा लागू द्यावा, सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. आणि पावसाळ्यात दुर्बीण कातडी पेटीत बंद न ठेवता ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, नाहीतर भिंगांवर बुरशी चढते आणि सगळाच खर्च व्यर्थ जातो.

लांब आय रिलीफच्या दुर्बिणीची सोय फक्त चष्मेवाल्यांपुरती आहे असे मात्र कोणी समजू नये. वाट्या वर केल्या की तीच दुर्बीण चष्मा नसलेल्यालाही तितकीच उत्तम चालते; तोकड्या आय रिलीफची दुर्बीण मात्र एकाच वर्गाच्या उपयोगी पडते. यास्तव ज्या दुर्बिणी अनेकांच्या हातांत फिरावयाच्या असतात, त्यांच्या खरेदीत तरी हा मुद्दा सर्वांआधी विचारात घेतला जावा असे मला कळकळीने वाटते. शाळांच्या सहली, निसर्गमंडळे, अभयारण्यांतील वाटाडे, घरातली आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांची मिळून असलेली एकच दुर्बीण, या सर्व ठिकाणी आज शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत चष्मा लावणारे पुष्कळ जण असतात. सहलीत दुर्बीण एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना चष्मा लावणाऱ्या मुलीला जर त्या वर्तुळात केवळ एक धूसर ठिपका दिसला, तर ती तक्रार करणार नाही. मला पक्ष्यांत रस नाही असे ती स्वतःच ठरवून टाकील, आणि तिचा तो निर्णय एका चुकीच्या खरेदीवर आधारलेला होता हे कोणाला कधी कळणारही नाही. दुर्बीण घेताना दुकानदाराला ‘ही किती पटींची?’ हे विचारण्याआधी ‘हिचे आय रिलीफ किती?’ हा प्रश्न विचारण्याचा परिपाठ आपण पाडला, तर अशा कितीतरी डोळ्यांना त्यांच्या हक्काचे संपूर्ण वर्तुळ मिळेल.